जुवेनाच्या गाठी

कार्ड आलं तेव्हा मी दुपारच्या ड्युटीवर होते. दवाखान्याच्या फाटकावरच्या चौकीदारानं वॉर्डाच्या दारात उभं राहून "यमुनाबाई, अकोल्याचं हाय वो" म्हणून आवाज दिला. मी हातातली बादली खाली ठेवून गेले. कार्डाचा वरचा कोपरा फाडलेला होता. मी चौथीपर्यंत शिकले आहे, कार्ड वाचता येतं, पण त्या दिवशी वाचायची गरज पडली नाही. कासमभाई कच्छी माणूस, त्यांनी ते कुणाकडून तरी मराठीत लिहून घेतलेलं असणार आणि लिहून देणाऱ्यानं आपल्याकडच्या मयताच्या कार्डाच्या रीतीनं कोपरा फाडला असणार. दोनच ओळी होत्या. जुवेना मंगळवारी सकाळी गेली. मी कार्ड कमरेला खोचलं आणि बादली उचलली, कारण पाच नंबरच्या खाटेखाली पाणी सांडलेलं होतं आणि डॉक्टरीणबाईंचा राउंड व्हायचा होता. रडू घरी गेल्यावर आलं, तेही माठातून पाणी घेताना, मधेच... त्याला आता सहा आठवडे होतील.

अमरावतीच्या बायकांच्या दवाखान्यात मी आया आहे. माझ्या वडिलांचा गावाबाहेर फुलांचा मळा होता, शेवंती, मोगरा आणि कडेनं थोडी भाजी. नवरा लग्नानंतर तीन वर्षांत गेला, तेव्हा वडिलांनी ओळखीच्या एका बाईंना सांगून मला इथं लावलं. मला लोकांशी बोलता येत नाही. लहानपणी मळ्यात गिऱ्हाईक आलं तरी मी मोटेच्या मागे जाऊन उभी राहायची. दवाखान्यात हा स्वभाव कामाचा निघाला. कमी बोलणारी आया सगळ्यांना आवडते. हे सांगते, कारण पुढं जे झालं ते या स्वभावानंच झालं.

जुवेना चौसष्ट सालच्या उन्हाळ्यात आली. ती जंगबारची. आफ्रिकेच्या बाजूला समुद्रात लवंगांचं बेट आहे, तिथली. कासमभाईंच्या घराण्याचं दोन पिढ्यांपासून तिकडे दुकान होतं. त्यांनी तिथल्याच मुलीशी लग्न केलं म्हणून घरचे रागावलेले होते. मग तिकडे राज्य उलटलं, कापाकापी झाली, दुकान जळालं, आणि हे दोघं अंगावरच्या कपड्यांनिशी बोटीनं मुंबईला उतरले. कासमभाईंना यंत्राचं काम येत होतं म्हणून अमरावतीला कापसाच्या एका जिनिंगमध्ये लागले. जुवेनाला आठवा महिना होता, पाय सुजले होते, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिला दिवस भरायच्या आधीच भरती करून घेतलं. काळीभोर, उंच, आखूड केसांची. कमरेला आणि डोक्यावर एकाच छापाचे दोन कपडे, तांबडे, मोठ्या काजूसारख्या नक्षीचे, आणि काठाशी कसलीशी अक्षरं छापलेली. त्याला ती कांगा म्हणायची. कांगा जोडीनं विकत मिळतो, मधून कापून एक कमरेला घ्यायचा, एक डोक्याला. वॉर्डातल्या बायका तिला बघायला आपापल्या खाटा सोडून यायच्या. "हिचे केस वाढतच नाहीत का वो?" "पोरगं बी असंच होईन का?" एक म्हातारी तर तिच्या हाताला ओलं बोट लावून, रंग निघतो का ते पाहून गेली. जुवेनाला थोडी हिंदी येत होती, मराठी अजिबात नाही. तिनं म्हातारीचं बोट धरलं, स्वतःच्या हातावर जोरानं घासलं आणि म्हणाली, "पक्का है, अम्मा. धो के देखो." सगळा वॉर्ड हसला. म्हातारी सगळ्यांत जास्त हसली.

मला तिची खाट पुसायची असायची, म्हणून ती माझ्याशी बोलायची. मी उत्तर देत नसे हे तिला चालत होतं. वडिलांना देवळासमोर फुलांच्या बदल्यात कधी कधी नारळ मिळायचा. तिला नारळाशिवाय भात जात नाही हे कळल्यावर मी एक नारळ नेला. देवाचा नारळ ही खाईल की नाही, याची मला धाकधूक होती. तिनं तो खिडकीच्या दगडावर एका दणक्यात फोडला, पाणी मला प्यायला लावलं आणि खोबरं खिसून, पिळून दूध काढलं. त्या दिवशी तिनं मला सांगितलं की तिच्या गावी मुलगी वयात आली की तिला एक सोमो मिळते. सोमो म्हणजे आई नाही, सासू नाही, नात्याबाहेरची मोठी बाई. पहिल्या पाळीपासून लग्नापर्यंत सगळं तीच शिकवते आणि बाळंतपणात तीच उशाशी बसते. बाळंतपणात बाईनं ओरडायचं नाही, ओरडली तर तिच्या आईला गाव नावं ठेवतं. तिच्या आजीच्या घरची रीत अशी होती की कळ आली की कांग्याच्या टोकाला एक गाठ मारायची. बाई गप्प राहते, सोमो गाठी बघते. गाठीत अंतर किती पडतं, गाठ ढिली आहे की घट्ट, त्यावरून ती सुईणीला सांगते की आता चला. हे सांगताना तिनं माझ्या पदराच्या टोकाला एक गाठ मारून दाखवली होती. म्हणजे मला माहीत होतं. सगळ्या दवाखान्यात हे मला एकटीला माहीत होतं.

त्या दुपारी ऊन इतकं होतं की खाटेच्या लोखंडाला हात लावता येत नव्हता. दोन सिस्टर सुटीवर होत्या, खाटा भरून खाली चटयांवर बायका होत्या. तीन नंबरची बाई मोठमोठ्यानं ओरडत होती, तिची सासू तिच्यापेक्षा मोठ्यानं. लोंढे सिस्टर एकटी होती. तिनं सकाळी जुवेनाला तपासून सांगितलं होतं, "पहिलटकरीण आहे, अजून वेळ आहे. ही तर कण्हतबी नाही." जुवेना ड्युटीरूमच्या दारासमोरच्या खाटेवर कुशीवर पडली होती. मी पाणी द्यायला गेले तेव्हा तिच्या मुठीत कांग्याचं टोक होतं आणि त्याला गाठी होत्या. पहिल्या तीन-चार ढिल्या, लांब लांब. नंतरच्या एकमेकींना चिकटलेल्या, इतक्या घट्ट की कापड पिळून दोरी झालं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी ड्युटीरूमच्या दाराशी गेले. लोंढे सिस्टर पाठमोरी उभी राहून उकळत्या पाण्यातून सुया काढत होती. मी उंबऱ्यावर उभी राहिले. काय सांगायचं ते मनात जुळवत होते. "बाई, तिनं गाठी मारल्या आहेत..." हे ऐकून ही हसेल, असं मला वाटलं. तेवढ्यात ती मागे न वळताच म्हणाली, "कोण, आया? काय हाय? तीन नंबरचं भांडं कोण काढीन, मी काढू काय?" मी म्हणाले, "काही नाही बाई." आणि तीन नंबरचं भांडं काढायला गेले.

भांडं धुऊन परत आले तेव्हा जुवेनाच्या खाटेभोवती पळापळ होती. नाळ आधी बाहेर आली होती. डॉक्टरीणबाई पोहोचेपर्यंत उशीर झाला. मुलगा होता, पूर्ण दिवसांचा नव्हता, पण हातपाय भरलेले होते. निळा पडला होता. लोंढे सिस्टरनं त्याला पालथा धरून थोपटलं, तोंडात फुंकलं, गरम-गार पाण्यात घातलं, पुन्हा थोपटलं... मग ती खाटेच्या कडेला बसून रडायला लागली आणि जुवेनाचा खांदा हलवून म्हणत राहिली, "काहून ओरडली नाही वो बाई तू? एकदा तं ओरडायचं होतं!" जुवेना तेव्हाही ओरडली नाही. संध्याकाळी कासमभाईंनी पोराला कांग्याच्या जोडीतल्या एका कपड्यात गुंडाळून नेलं. दुसरा कपडा, गाठींचा, रक्तानं भरलेला, धुवायला माझ्याकडे आला. मी नळाखाली बसून सगळ्या गाठी सोडल्या. ओल्या गाठी सुटत नव्हत्या, दातांनी सोडल्या. कुणी बघू नये म्हणून सोडल्या. कपडा इतका धुतला की टोकावरच्या वळ्यासुद्धा गेल्या.

दुसऱ्या दिवशी जुवेनानं कपडा हातात घेतला, चारी टोकं पाहिली आणि विचारलं, "गाठ किसने खोली?" मी म्हणाले, धोबिणीनं सोडल्या असतील. तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "अच्छा."

ती दहा दिवस होती. घरी जायच्या दिवशी मेट्रनबाई राउंडला आल्या आणि नेहमीप्रमाणे विचारलं, काही तक्रार? बायका नेहमी नाही म्हणतात. जुवेना उठून बसली. "शिकायत नहीं. एक बात सिखानी है." मागच्या सिस्टर एकमेकींकडे बघून हसल्या. मेट्रनबाई मात्र स्टूल ओढून बसल्या. अर्धा तास बसल्या. मग म्हणाल्या, शुक्रवारी या आणि हे या सगळ्यांना सांगा.

शुक्रवारी ती आली. कासमभाई सायकल घेऊन बाहेर उभे होते. कपड्यांच्या खोलीतल्या मोठ्या टेबलावर तिनं कांगा पसरला आणि सिस्टर, दाया, आम्ही आया, सगळ्या भिंतीला टेकून ऐकत होतो. बाळंतिणीचं पोट कसं बांधायचं, खोबरेल तेलानं कंबर कशी रगडायची, ते तिनं एका जाड्या दाईला टेबलावर झोपवून दाखवलं. दाई म्हणाली, "हे तं आमच्यावानीच हाय वो, फकस्त हात भारी हाय तुझा!" मग तिनं गाठींचं सांगितलं. कुणी हसलं नाही. तिनं स्वतःच्या दिवसाबद्दल एक शब्द काढला नाही, पण लोंढे सिस्टर खाली बघत होती. कुणीतरी विचारलं, सोमो तिकडे राहिली, मग इथं तुझं कोण? तेव्हा जुवेनानं भिंतीकडे, आयांच्या रांगेकडे बोट केलं. "ये. यमुना मेरी सोमो." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं जमीन फाटावी. बाकीच्यांना वाटलं मी लाजले.

त्यानंतर मेट्रनबाईंनी प्रत्येक खाटेच्या दांडीला बँडेजची हातभर पट्टी बांधायला लावली. बाई भरती झाली की तिला खुणेनं सांगायचं, कळ आली की गाठ मार. ओरडणाऱ्या बायका मारत नसत, त्यांना गरज नव्हती. पण ज्यांना ओरडायची चोरी वाटे, किंवा ज्यांना आमची भाषा येत नसे, त्या मारायच्या. वॉर्डात तिला जंगबारी पट्टी म्हणत. पुढच्या वर्षी चिखलदऱ्याच्या बाजूनं एक कोरकू बाई आली, बैलगाडीतून, मग बसमधून. नवरा तिला सोडून पाला विकायला बाजारात गेला होता. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, विचारलं तर मान हलवायची. जुवेना तेव्हा दर शुक्रवारी येत असे. ती त्या बाईजवळ जमिनीवर बसली. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता. जुवेनानं आपल्या कांग्याला गाठ मारून दाखवली आणि पोटावर हात ठेवून तोंड वाकडं केलं. कोरकू बाई पहिल्यांदा हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी केर काढताना पाहिलं, पट्टीला सात गाठी, शेवटच्या तीन चिकटलेल्या. मी झाडू टाकून धावले. ड्युटीरूममध्ये जाऊन म्हणाले, "बाई, भिंतीकडची बघा." एवढंच म्हणाले, पण म्हणाले. मुलगी झाली, रडली. लोंढे सिस्टरनं माझ्या पाठीवर हात ठेवला, "यमुना, तुह्यामुळं वाचली पोरगी." त्या हाताखालून निघून मी मोरीत जाऊन उभी राहिले.

दोन वर्षांनी कासमभाईंच्या चाचांनी राग सोडून त्यांना अकोल्याला दुकानात बोलावलं. जुवेनाला पुन्हा मूल झालं नाही. वर्षातून दोनदा मी बडनेऱ्याहून पॅसेंजरनं अकोल्याला जायची, फडक्यात मोगरा बांधून. ती तो आपल्यासारखा केसांत माळत नसे. मोगऱ्याच्या कळ्या आणि सब्जाची पानं यांचा बारीक गुच्छ करून छातीशी टाचणीनं लावायची, तिकडची रीत. वडिलांना तो मी दाखवला तेव्हा ते म्हणाले, "फुलं काय खिशात ठेवाची चीज हाय?" आणि चार दिवसांनी स्वतःच तसे गुच्छ करून बाजारात नेले. खपले नाहीत. जुवेनाला हे सांगितल्यावर ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. ती आता वऱ्हाडी बोलायला लागली होती, अकोल्याच्या बायकांसारखी ठसक्यात. "सोमो, तू काहून इतकी गुपचूप राह्यते वो?" असं ती दर खेपेला विचारायची. दर खेपेला मी ठरवून गेलेली असायची की आज सांगायचं. मला माहीत होतं, मी दाराशी गेले होते, गाठी मी सोडल्या. दर खेपेला चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या, गाडीची वेळ व्हायची. असं पाच वर्षं चाललं.

या पोळ्यानंतर मला चार दिवस सुटी मिळाली तेव्हा मी गाडीत बसूनच ठरवलं की घरात शिरल्याबरोबर सांगायचं, चप्पल काढायच्या आधी. घरात शिरले तर ती आतल्या खोलीत पडलेली. चाचीजान म्हणाल्या, "दोन दिवसांपासून पोटात वायू धरला होता. ओवा देल्ला. आता शांत पडून राह्यली, बरं वाटून राह्यलं तिले." कासमभाई दुकानात होते. मी तिच्याजवळ बसले. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर काही नाही. तिच्या अंगावर तोच तांबडा कांगा होता, धुऊन धुऊन फिका पडलेला. मी पायाशी सरकलेलं टोक सारखं करायला उचललं. त्याला गाठी होत्या. नऊ. दहावी अर्धीच मारलेली, बोटांत जोर राहिला नव्हता. पोटाला हात लावला तर फळीसारखं कडक...

मी ओरडले. आयुष्यात तेवढ्या मोठ्यानं मी कधी बोलले नव्हते. "टांगा आणा! आत्ताच्या आत्ता आणा! ही मरून राह्यली न तुमी शांत हाय म्हणता!" चाचीजान घाबरल्या, शेजारच्या बायका आल्या, कुणी दुकानात धावलं. टांग्यात तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं, कासमभाई पुढे टांगेवाल्याशेजारी. रस्ता खडबडीत, प्रत्येक दणक्याला तिची बोटं माझ्या हातावर रुतत होती, तोंडातून आवाज नाही. तेव्हा मी सांगितलं. रडत, जसं येईल तसं सांगितलं. त्या दुपारी मला गाठी दिसल्या होत्या, मी दारातून परत आले, दातांनी मीच सोडल्या. तिनं डोळे उघडले. आवाज अगदी बारीक होता.

"मी पाह्यलं होतं."

"काय?"

"माह्या खाटेवरून दार दिसे. तू गेली, उभी राह्यली, परत आली. सगळं दिसे."

"मग काहून बोलली नाही वो तू? सात वर्षं?"

टांगा वळला.

"तू सांगशीन म्हणून वाट पाहत होती," ती म्हणाली.

दवाखान्यात डॉक्टरांनी हात लावताच तोंड वाईट केलं. अपेंडिक फुटलं होतं. दोन दिवस आधी आणायचं होतं म्हणाले. ऑपरेशनला नेताना तिथल्या सिस्टरनं तिच्या अंगावरचा कांगा काढून माझ्या हातात दिला. "तुम्ही कोण हिच्या?" मी म्हणाले, सोमो. तिला कळलं नाही. मी बहीण म्हणून सांगितलं. ऑपरेशन झालं, पण पोटभर पू झाला होता. पुढचे दोन दिवस ती तापात होती, तिकडच्या भाषेत काही बोलत होती. मला ओळखलं की नाही ते सांगता येत नाही. एकदा तिनं माझ्या पदराचं टोक हातात घेतलं, गाठ मारायला नाही, नुसतंच धरून ठेवलं. सुटी संपली म्हणून मी परत आले. सहाव्या दिवशी कार्ड आलं.

कांगा माझ्याकडेच राहिला. कासमभाईंनी विचारलं नाही, मी दिला नाही. जोडीतला एक त्या पोराबरोबर गेला, हा एक माझ्या ट्रंकेत आहे. ट्रंक उघडली की सब्जाचा वास येतो, तिनं कधीतरी घडीत पानं ठेवली असतील. टोकाला नऊ गाठी आहेत आणि एक अर्धी. या वेळी मी एकही सोडलेली नाही.

वॉर्डात अजून पट्ट्या बांधतात. नव्या सिस्टरना पट्टीचं जुनं नाव माहीत नाही, त्या नुसती पट्टी म्हणतात. मी ड्युटीवर गेले की आधी गप्प पडलेल्या बाईच्या खाटेकडे जाते, मग बाकीच्यांकडे. परवा सात नंबरच्या पट्टीला गाठी चिकटून आल्या होत्या. मी दाराशी गेले. नवी सिस्टर पाठमोरी उभी होती, सुया काढत होती. तिनं मागे न बघताच विचारलं, "काय हाय, आया?"

मी उंबरा ओलांडून आत गेले.